सिग्वार्टला एक तरी मत

डीनच्या निवडणुकीला उभं राहायला सिग्वार्ट हाउकेलिडनं होकार दिला, तो निव्वळ हातातलं वॅफल गार होत होतं म्हणून.

शुक्रवार होता. शुक्रवारी साडेअकराला विज्ञान शाखेच्या कॉफीच्या खोलीत भांडारातली ओडनी वॅफल्स भाजायची, आणि त्या वेळात ग्रोसुंदच्या विद्यापीठात कुणाला मरायचं असेल तर त्यानं बारापर्यंत थांबावं, असा एकंदर रिवाज होता. वॅफलवरचा तपकिरी चीजचा पापुद्रा नुकता मऊ पडायला लागला होता, सिग्वार्टनं पहिल्या घासासाठी तोंड उघडलं होतं, आणि नेमका तेवढ्यात रसायनशास्त्राचा योस्टाइन खुर्ची ओढून शेजारी बसला. निवडणुकीची सगळी उस्तवार यंदा योस्टाइनच्या गळ्यात होती.

"सिग्वार्ट, एक काम होतं."

"खाऊन झाल्यावर सांग."

"खाऊन झालं की तू पळतोस. ऐक. डीनच्या जागेसाठी एकच नाव आलंय. टोरगुनचं. आता एका नावाची निवडणूक ही काय निवडणूक झाली? लोक म्हणतील, आधीच ठरवून टाकलंय सगळं. दुसरं एक नाव पाहिजे."

"मग शोध."

"शोधलं की. तू."

सिग्वार्टनं वॅफल खाली ठेवलं. "मी ऑगस्टात टारहोल्मला चाललोय. वर्षभरासाठी. तुला ठाऊक आहे ना?"

"अरे मग जा ना. तुला निवडून कोण देतंय? इतक्या वर्षांत तू एकाही बैठकीत तोंड उघडलं नाहीस. टोरगुनपुढे तुला दोन मतं पडली तरी पुष्कळ. एक माझं, कारण मीच तुला उभा केला. आणि एक कुणाचं तरी चुकून पडलेलं."

हे ऐकून एखाद्याला राग आला असता. सिग्वार्टला हायसं वाटलं.

"नक्की?"

"लिहून देतो."

"बरं," सिग्वार्ट श्वास आत ओढत म्हणाला. उत्तरेतले लोक 'हो' असंच म्हणतात, म्हटल्यासारखं पण करायचं आणि नाही म्हटल्यासारखं पण. सिग्वार्ट मूळचा दक्षिणेचा, टेलेमार्कचा, पण ही एक खोड त्यानं पहिल्या वर्षीच उचलली होती. मग तो वॅफलकडे वळला. ते गार झालं होतं.

टारहोल्म हे ग्रोसुंदहून बोटीनं अर्ध्या दिवसावरचं बेट. तिथे एक दीपगृह, एक राखणदार, आणि बाकी सगळं शेवाळ. शेवाळाच्या जाती किती, हे सिग्वार्टला विचारायची सोय नव्हती. विचारलं की संध्याकाळ गेलीच. उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या शेवाळावर तो कितीतरी वर्षं पुस्तक लिहीत होता. ते पुरं व्हायला आलं होतं आणि एकाच प्रकरणावर घोडं अडलं होतं. हिवाळ्यात, सूर्य तोंड दाखवत नाही त्या दिवसांत, बर्फाखाली हे शेवाळ करतं तरी काय? झोपतं, की गुपचूप वाढतं? तिथे मुक्काम ठोकून कुणी पाहिलेलंच नव्हतं. उन्हाळ्यात चार फेऱ्या मारून ते कळणार नव्हतं. अख्खं वर्ष राहायला हवं होतं, आणि तेही हेच वर्ष. कारण पुढल्या उन्हाळ्यात दीपगृह आपोआप चालणार होतं, राखणदार खाली उतरणार होता, आणि राखणदार नाही तर बोटही नाही. त्यानंतर सिग्वार्टची निवृत्ती. विद्यापीठानं अभ्यासासाठी दिलेली त्याची ही शेवटची रजा होती. लोकरीचे मोजे त्यानं जानेवारीतच बांधून ठेवले होते.

तेव्हा योस्टाइनला हो म्हणताना त्यानं दहादा विचार करायला हवा होता. कारण या विद्यापीठात निवडून आलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे इतर कुणाहीपेक्षा त्याला जास्त ठाऊक होतं. तो नियम त्याचाच होता.

ती गोष्ट फार जुनी. ग्रोसुंदमध्ये विद्यापीठ काढायचं ठरलं तेव्हा दक्षिणेत लोकांची हसून मुरकुंडी वळली होती. दोन महिने जिथे दुपारीही दिवे लावावे लागतात, तिथे पोरं शिकणार काय, मासे? संसदेत वर्षानुवर्षं काथ्याकूट झाला आणि शेवटी परवानगी मिळाली, पण इमारत मिळाली नाही. गावात शिक्षक घडवणारं एक जुनं विद्यालय होतं, मासेमारीचं एक संशोधन केंद्र होतं, आणि व्हेलचा सांगाडा असलेलं एक म्युझियम. या तिघांची मोट बांधली आणि तिला विद्यापीठ म्हटलं. गणित बँकेच्या माडीवर शिकवायचं, जीवशास्त्र मासळी खारवायच्या कोठारावर, आणि मोठे वर्ग सकाळी सिनेमाच्या थिएटरात. पहिल्या तुकडीत टोरगुन स्कारस्टाइन होती, बापाच्या बोटीवरून थेट वर्गात आलेली, पायात रबरी बूट तसेच. तिला शेवाळाचा पहिला धडा दिला तो सिग्वार्टनं, आणि धड्यानंतर "हे सगळं समुद्रात जास्त चांगलं असतं" असं त्याला तोंडावर सांगून ती समुद्राकडे वळली ती कायमची. आता ती इथेच मासे शिकवायची.

दक्षिणेतून आलेले प्राध्यापक शिकवायचे मन लावून, पण कारभार बघायची वेळ आली की एकेकाची कंबर धरायची. डीन व्हायला कुणी तयार होईना. मग थिएटरात सगळ्यांची सभा भरली. प्राध्यापक, विद्यार्थी, भांडारातले, झाडलोट करणारे, सगळ्यांना एकेक मत, कमी कुणाला नाही आणि जास्त कुणाला नाही. त्या सभेत, टेलेमार्कहून "दोनच वर्षांसाठी" आलेला सिग्वार्ट उठला आणि म्हणाला, "जो निवडून येईल त्यानं नाही म्हणायचं नाही. असा नियमच करून टाका." टाळ्या पडल्या. नियम झाला. जन्मात एकदा बोलला आणि बोलून बोलून हे बोलला.

निवडणूक एप्रिलच्या शेवटी झाली. रस्त्याच्या कडेला मळका बर्फ अजून होता, पण संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड राहायला लागला होता आणि माणसं जरा खुशीत होती. टोरगुन येणार यात कुणाला शंका नव्हती. शाखेतल्या सगळ्या पहिल्या वर्षाच्या मुलांना एक सत्र बोटीवर न्यायचं, मासे पुस्तकात नाही तर जाळ्यात दाखवायचे, ही तिची योजना सगळ्यांना तोंडपाठ होती. दोन वर्षं ती त्यासाठी दारोदार फिरली होती. सिग्वार्ट मत द्यायला पडद्यामागे गेला, टोरगुनच्या नावापुढे फुली मारली, आणि घरी जाऊन तव्यावर कॉड मासा परतला.

दुसऱ्या दिवशी योस्टाइननं निकालाचा कागद फळ्यावर लावला. लावताना त्याचा चेहरा माशाच्या पोटासारखा पांढरा पडला होता.

सिग्वार्ट एका मतानं पुढे होता.

फळ्यासमोर बरीच माणसं जमली होती. आधी प्रत्येकानं शेजाऱ्याकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे. शेवटी मागून कुणीतरी टाळी वाजवली, तेव्हा बाकीच्यांनाही वाजवावी लागली. टोरगुन पुढे आली, सिग्वार्टचा हात हातात घेतला, "अभिनंदन" म्हणाली आणि निघून गेली. तिचा हात थंड होता. सिग्वार्टला टारहोल्मची बोट धक्क्यावरून सुटताना दिसत होती, आणि बोटीत तो नव्हता.

त्यानंतर त्याच्या खोलीत जी रीघ लागली ती दोन दिवस संपली नाही.

पहिला योस्टाइन आला. "मी तर सांगितलंच होतं, माझं एक असेल."

"आणि बाकीची?"

"खरंच सांगतो, मला कळत नाही."

तो गेला आणि भूगर्भशास्त्रातला एकजण आला. दार लोटून घेतलं, खुर्चीच्या कडेवर टेकला. "हे बघ, तुझ्या कानावर घालावं म्हणून आलो. मी तुला मत दिलं ते, म्हणजे, राग मानू नकोस. टोरगुन येणारच होती. मला वाटलं, फळ्यावर तुझ्या नावापुढे शून्य लागलं तर? गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. म्हटलं, एक तरी असू दे."

त्याच्यामागून गणितातली एकजण आली. तिनंही दार लोटून घेतलं. तीही म्हणाली, "राग मानू नकोस." मग ग्रंथालयातला, मग कार्यालयातली, मग पुन्हा भूगर्भातलाच दुसरा. जो येई त्याला वाटे, आपण एकट्यानंच हे केलं. आणि टोरगुन येणारच, तिला आपल्या मताची काय पडलीय, हे तर प्रत्येकानंच गृहीत धरलेलं.

विद्यार्थ्यांची प्रतिनिधी मारेन आली ती उभ्याउभ्याच बोलली. "गेल्या वर्षी शेवाळाच्या सहलीत मी डबक्यात पडले होते, आठवतं? तू तुझे कोरडे मोजे काढून मला दिलेस आणि स्वतः दिवसभर ओल्या पायांनी फिरलास. मी वसतिगृहात सगळ्यांना सांगितलं, त्या म्हाताऱ्याला शून्यावर नाही ठेवायचं. जरा जास्तच जोर लावून सांगितलं बहुतेक."

"म्हातारा म्हणालीस?"

"प्रेमानं म्हणाले."

ती गेल्यावर सिग्वार्ट एकटाच हसत सुटला. मग हसू थांबलं आणि त्याला वाईट वाटलं, कारण कीव आली म्हणून मत दिलं हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. आणि मग, खिडकीपाशी उभा असताना, त्याचे डोळे भरून आले. इतकी माणसं आपल्याला एका शून्यापासून वाचवायला धावली होती, एकमेकांना न सांगता, आणि त्या धावपळीत सगळ्यांनी मिळून त्याला खड्ड्यात घातलं होतं. रागवावं कुणावर?

फक्त टोरगुन आली नव्हती. एरवी उघडं असणारं तिचं दार दोन दिवस बंद होतं. शेवटी सिग्वार्टच गेला.

ती खिडकीशी बसली होती. टेबलावर डब्यातला ब्रेड तसाच पडलेला, दोन तुकड्यांमधला कागदही काढलेला नव्हता.

"सगळे येऊन सांगून गेले," सिग्वार्ट म्हणाला. "कीव आली म्हणून दिली मतं. एकूण एकाला. मला शून्य पडेल म्हणे."

"हं."

"मी तुला दिलं होतं. हे तुला माहीत असावं म्हणून सांगतो."

टोरगुनचे कान हळूहळू लाल व्हायला लागले. पहिल्या वर्षाला असताना उत्तर चुकलं की व्हायचे, अगदी तसेच.

"टोरगुन?"

"मीही."

"काय मीही?"

"मीही तुलाच दिलं." ती अजून खिडकीकडेच बघत होती. "ऐकलंस ना? आता जा."

सिग्वार्ट जाण्याऐवजी खाली बसला. "तू एका मतानं पडलीस."

"मोजता येतं मला."

"म्हणजे तू स्वतःला दिलं असतंस तर..."

"सिग्वार्ट, मोजता येतं म्हटलं ना."

"पण का? दोन वर्षं तू त्या बोटीसाठी जिवाचं रान केलंस. तुला ही जागा हवी होती. नव्हती का?"

"हवी होती," ती म्हणाली, आणि हे एवढं म्हणायलाच तिला फार कष्ट पडले. "इतकी हवी होती की झोप लागत नव्हती. पण पडद्यामागे गेले, हातात पेन्सिल, समोर माझंच नाव, आणि मला वाटलं, आई मागे उभी आहे. आमच्या घरी ताटातला शेवटचा मासा कुणी घेत नसे. सगळे म्हणायचे, तू घे, तू घे, आणि शेवटी तो मांजराला जायचा. स्वतःच्या नावापुढे स्वतःच फुली मारायची? माझा हातच गेला नाही. आणि खाली तुझं नाव होतं, एकटंच. म्हटलं, बिचाऱ्याला एक तरी."

"आणि मासा मांजराला गेला."

"गेला. आणि मांजराला तो नकोय."

सिग्वार्टनं डब्यातला कागद काढून ब्रेड तिच्यापुढे सरकवला. मग सिग्वार्ट म्हणाला, "गाढव आहेस."

"तूच शिकवलंस."

त्या दुपारी तो भांडारात गेला, कुठे जावं ते न सुचून. ओडनी बाटल्या पुसत होती. ती गेली कित्येक वर्षं विद्यापीठात होती, आणि त्याआधी त्याच थिएटरच्या दारात उभी राहून तिकिटं फाडायची. तिनं काही न विचारता त्याच्यापुढे कॉफी ठेवली.

"भोग आता," ती म्हणाली. "नियम तुझाच होता ना? किती तावातावानं उठला होतास. मागून तुझ्या पॅन्टला च्युइंग गम चिकटलेला, खुर्चीपर्यंत तार लागलेली. आम्ही पोरी दारात हसून हसून मेलो. पुढचं काही ऐकूच आलं नाही."

"पुढचं कुठलं?"

"मला काय माहीत. तो मासेमारी केंद्रातला म्हातारा उठून काहीतरी विचारत होता तुला. बोट वर करून. तू लालेलाल झालास."

सिग्वार्टचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला. म्हातारा उठला होता, खरंच. त्यानं विचारलं होतं, "आणि निवडून आलेला समुद्रावर गेला तर?" सगळं थिएटर हसलं होतं, पण म्हातारा हसला नव्हता, कारण त्याच्या ओळखीत समुद्रावर न जाणारं कुणी नव्हतंच. मग त्याच्या समाधानासाठी नियमाला आणखी एक शेपूट जोडलं गेलं. निवडून आलेल्याला वर्षभर समुद्रापलीकडे राहावं लागणार असेल, तर ज्याला त्याच्याखालोखाल मतं, त्यानं डीन व्हावं. सोडायचं की नाही ते शाखेचं मंडळ हात वर करून ठरवेल. त्या बैठकीच्या वेळी समुद्रापलीकडे जाणाऱ्यानं बाहेर थांबायचं, अध्यक्षाची खुर्ची दुसऱ्या क्रमांकाच्यानं घ्यायची, आणि हात समसमान झाले तर खुर्चीवरच्याचा हात मोजायचा. इतक्या वर्षांत ही वेळ कुणावर आलीच नव्हती. टारहोल्म समुद्रापलीकडे होतं, चारी बाजूंनी.

"ओडनी," सिग्वार्ट म्हणाला, "तुझे पाय धरले पाहिजेत."

"आधी कप विसळ."

टोरगुनला त्यानं हे सांगितलं तर ती उखडलीच. "म्हणजे मी खुर्चीत बसून मलाच खुर्ची द्यायची? शोभतं का?"

"तुझ्यावर येणारच नाही गं ते. एकजात सगळे मला सोडतील. ओशाळून दोन दिवस माझ्या खोलीत माफी मागत होते."

"आणि समसमान झाले तर?"

"होणार नाहीत."

मे महिन्यात मंडळाची बैठक भरली. विद्यापीठ टेकडीवरच्या नव्या इमारतीत गेलं तेव्हापासून बैठकीच्या खोलीला काचेचं दार होतं. सगळा कारभार सगळ्यांना दिसावा अशी त्यामागची कल्पना. टोरगुन टेबलाच्या टोकाला बसली. बाकी सहाजण होते, त्यांत योस्टाइन, मारेन आणि भांडाराकडून ओडनी. सिग्वार्टला आपलं म्हणणं मांडून बाहेर जायचं होतं.

आता इथे दुसऱ्या एखाद्या मुलखातला माणूस असता तर त्यानं छाती पिटून सांगितलं असतं की मला जाऊ द्या, माझं जन्माचं काम तिकडे अडलंय. सिग्वार्ट उठला, टेबलाच्या कडेकडे पाहत म्हणाला, "तसं गेलो तर वाईट होणार नाही. काही थोडं काम आहे तिकडे. पण मंडळाला योग्य वाटेल ते," आणि बसायला गेला, मग बाहेर जायचंय हे आठवून पुन्हा उठला.

मारेननं ओठ चावला. "सिग्वार्ट, तू हे टोरगुनसाठी करतोयस ना? तिला जागा मिळावी म्हणून?"

"नाही, नाही. तसं काही नाही."

'नाही' तो दोनदा म्हणाला, आणि तिथेच बिघडलं. ग्रोसुंदमध्ये कुणी दोनदा नाही म्हटलं की त्याचा अर्थ हो, हे पोराटोरांनाही कळतं. ओडनीनं त्याच्याकडे मोठ्या मायेनं पाहिलं.

"आधी कीव करून याला चढवायचा," ओडनी म्हणाली, "आणि आता हात वर करून बाहेर काढायचा? याच्या तोंडादेखत? असला हलकटपणा माझ्यानं होणार नाही. करायचा असेल त्यानं करावा."

"पण ओडनी, मला खरंच..."

"तू बाहेर जा," योस्टाइन म्हणाला. "नियम आहे."

दार बंद झालं. सिग्वार्ट काचेबाहेर उभा राहिला. आत ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. मारेन हातवारे करून काहीतरी सांगत होती, बहुतेक मोज्यांचं. ओडनी मान हलवत होती. आणि सिग्वार्टला कळून चुकलं की ही माणसं आपल्यावरच्या प्रेमापायी आपल्याला इथे डांबून ठेवणार आहेत. दार उघडून आत जाऊन ओरडावं, मला जायचंय, मला त्या बर्फाखाली काय चालतं ते बघायचंय, मरायच्या आधी बघायचंय. पण आत जायची परवानगी नव्हती. परवानगी असताना त्यानं काय सांगितलं होतं? काही थोडं काम आहे.

टोरगुननं विचारलं असावं, कारण हात वर गेले. त्याला सोडायच्या बाजूनं योस्टाइन आणि आणखी दोघं. तीन. मग ते खाली आले आणि दुसरे वर गेले. ओडनीचा सगळ्यात आधी, मग मारेनचा, मग गणितातलीचा, जरा कचरत. तेही तीन.

खोलीतल्या सगळ्यांची तोंडं टोरगुनकडे वळली.

ती हललीच नाही. दोन्ही हात टेबलावर सपाट, जणू कुणी चिकटवून ठेवलेत. तिचे कान लाल झालेले सिग्वार्टला काचेतूनही दिसले. तिच्या मागे आत्ता कोण उभं आहे हेही त्याला ठाऊक होतं, आणि ताटात एकच मासा उरलाय. ती म्हणेल, पुढच्या बैठकीत बघू. पुढची बैठक सप्टेंबरात, आणि बोट ऑगस्टात. तिची बोटही गेली आणि त्याचीही.

तिनं मान वर केली आणि काचेतून त्याच्याकडे पाहिलं.

सिग्वार्टनं हात वर केला. रिकाम्या कॉरिडॉरमध्ये, जिथे त्याचा हात कुणी मोजणार नव्हतं, त्यानं सरळ कोपरापासून ताठ हात वर केला, शाळेत उत्तर येत असलेला पोरगा करतो तसा, आणि खाली घेतला नाही. कॉफी घेऊन जाणारे दोघं विद्यार्थी थांबून बघायला लागले. बघू देत. इतक्या वर्षांत त्यानं काही मागितलं नव्हतं, आता मागत होता, सगळ्यांसमोर, आणि त्याचा दंड दुखायला लागला तरी तो मागतच राहिला. आत ओडनीनं त्याला पाहिलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. ती मारेनच्या कानात काहीतरी बोलली. पण हात मोजून झाले होते.

टोरगुनचा उजवा हात टेबलावरून सुटला. आधी बोटं उचलली गेली, मग मनगट. खांद्यापर्यंत येऊन हात अडकला, आणि तिनं डोळे मिटून घेतले. मग तो वर गेला. पुरता वर.

ती बाहेर आली तेव्हा सिग्वार्टचा हात अजून वरच होता. तिनंच तो धरून खाली आणला. या वेळी तिचा हात गरम होता.

"काय झालं?" सिग्वार्टनं विचारलं, दिसलं होतं तरी. "कुणाला दिलंस मत?"

टोरगुननं एकदा मागे वळून पाहिलं, तिथे कुणी नाही याची खात्री करून घेतल्यासारखं.

"मला," ती म्हणाली.